बेघरांची विश्वचषक स्पर्धा आणि आपण

ज्याला रात्री डोके टेकावयास छप्पर नाही, त्याच्या पायाशी चेंडू टाकून काय साधणार? बेघर लोकांसाठी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेविषयी आपल्या मंडळींत ज्या ज्या वेळी बोलणे निघाले, त्या त्या वेळी पहिला प्रश्न हाच आला. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारी माणसे निर्दय नाहीत. आधी भाकरी, मग खेळ, हा व्यवहार आपल्या आयाबायांनीच आपल्याला शिकविला. तरीही मला असे वाटते की, या स्पर्धेची घडण नीट न्याहाळली असता हा प्रश्न बराचसा गळून पडतो आणि त्याच्या जागी दुसरे, अधिक अवघड प्रश्न उभे राहतात.

प्रथम थोडी माहिती देणे अवश्य आहे. काही देशांत बेघर माणसांनी रस्त्यावर उभे राहून विकावयाची खास वृत्तपत्रे निघतात. विक्रीच्या पैशांतील वाटा विकणाऱ्याचा. अशा वृत्तपत्रांची एक आंतरराष्ट्रीय परिषद २००१ साली केपटाउन येथे भरली होती. तेथे स्कॉटलंडचे मेल यंग व ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड या दोघा गृहस्थांच्या मनात असे आले की, परिषदेला माणसे तर जमली, परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते बेघर लोक कोठे आहेत? त्यांना देशोदेशींहून एकत्र आणावे, तर ते परस्परांशी बोलणार कोणत्या भाषेत? फुटबॉलला भाषा लागत नाही, हे उत्तर त्यांना सुचले. दोन वर्षांनी, २००३ साली, ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात पहिली स्पर्धा झाली. अठरा देशांचे संघ आले आणि यजमान ऑस्ट्रियानेच चषक जिंकला. तेव्हापासून गोथेनबर्ग, एडिंबरो, केपटाउन, मेलबर्न, रिओ, मेक्सिको सिटी असा हा मेळा फिरत राहिला. मेलबर्नला २००८ साली अफगाणिस्तानच्या संघाने चषक नेला व त्याच वर्षी स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. साथीमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे खंड पडला. पुढे २०२३ साली अमेरिकेतील सॅक्रामेंटो, २०२४ साली सेऊल आणि २०२५ साली ऑस्लो येथे संघ पुन्हा जमले. सेऊलची स्पर्धा ही आशिया खंडातील पहिली होय.

आता मी शिक्षिका असल्यामुळे माझे लक्ष निकालापेक्षा नियमांकडे अधिक जाते. रायगड जिल्ह्यात डी. एड. करीत असताना आम्हांला शिकविले होते की, खेळाचा नियम हाच मुलाचा पहिला कायदा. वर्गातील दहा व्याख्यानांनी जे होत नाही, ते लंगडीच्या एका डावाने होते. त्या दृष्टीने या स्पर्धेचे नियम पाहण्यासारखे आहेत. मैदान अवघे बावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद. भोवती बुटक्या फळ्यांची भिंत, म्हणजे चेंडू फारसा बाहेर जातच नाही. प्रत्येक बाजूला तीन खेळाडू व एक गोलरक्षक, शिवाय चार राखीव. सात-सात मिनिटांचे दोन भाग. इतक्या लहान जागेत कोणालाही कोपऱ्यात लपून राहता येत नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षे लोकांच्या नजरेतून निसटण्याचीच कला साधली, त्याच्याकडे पाच-दहा सेकंदांत चेंडू येतोच आणि त्याला काहीतरी करावेच लागते. सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टीवर निकाल लागतो, पण त्यात हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला घरी पाठवीत नाहीत. त्याच्या पायरीच्या संघांशी त्याचे सामने लागतात, वेगळा चषक असतो, आणि शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक संघ खेळत राहतो. आयुष्यात जे पहिल्याच फेरीत बाद झाले, त्यांच्यासाठी हा नियम ज्याने केला त्याला माणसे कळत होती.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम निराळाच आहे. या स्पर्धेत माणसाला आयुष्यात एकदाच खेळता येते. कितीही कसलेला खेळाडू असो, दुसऱ्या वर्षी त्याची जागा दुसऱ्याला. माझ्या ओळखीचे एक व्यायामशिक्षक या नियमाला खुळेपणा म्हणतात. संघ बांधावयाचा तो मोडण्यासाठी काय, असे विचारतात. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. एकदाच, असे म्हटल्यामुळे बेघरपण हा कोणाचा पेशा होत नाही. आणि दरवर्षी नवी माणसे हवीत, म्हणून प्रत्येक देशातील संस्थेला वर्षभर गल्लीबोळांतून, रात्रनिवाऱ्यांतून फिरावेच लागते. आठ जणांचा संघ परदेशी जातो तो आठवडाभर. जे गेले नाहीत त्यांचाही सराव वर्षभर चालतो, आणि खरे काम ते आहे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मराठी मुलखातलेच आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील क्रीडा-प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात काही वस्तीतील मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. ग्राझच्या स्पर्धेचे त्या वेळी नावही नव्हते. पुढे त्यांच्याच संस्थेमार्फत भारताचा संघ या विश्वस्पर्धेत जाऊ लागला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट (२०२२) बारसे यांच्या कार्यावरून घेतलेला आहे; अमिताभ बच्चन त्यात आहेत म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. त्यातील सामन्यांपेक्षा मला दुसराच भाग अधिक लक्षात राहिला. एका आदिवासी मुलीची संघात निवड होते आणि तिचा बाप तिच्या पासपोर्टसाठी, ती कोण आहे हे सिद्ध करणारा एखादा कागद मिळावा म्हणून, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो.

ही कल्पित गोष्ट नव्हे. या स्पर्धेच्या आयोजनातील सर्वांत मोठी धोंड हीच आहे. मैदान, पंच, चेंडू यांची व्यवस्था होते. पण ज्याला पत्ता नाही त्याला ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही त्याला पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट मिळालाच तर व्हिसा देणारा अधिकारी विचारतो की, परत जावयास तुझे तेथे आहे काय? घर, नोकरी, बँकेतील शिल्लक, काहीही नाही. अधिकाऱ्याच्या पुस्तकाप्रमाणे असा माणूस परत जाणार नाही, हे ठरलेलेच. २००५ सालची स्पर्धा न्यूयॉर्कला व्हावयाची होती, ती व्हिसाच्या अडचणींमुळे एडिंबरोला न्यावी लागली. आणि तेथेही आफ्रिकेतील काही संघांना प्रवेश मिळाला नाही. अमेरिकेत ही स्पर्धा व्हावयास त्यानंतर अठरा वर्षे लागली.

म्हणून मी म्हणते की, चेंडू देऊन काय साधणार, याचे निम्मे उत्तर मैदानाबाहेर आहे. स्पर्धेला जावयाचे या निमित्ताने कोणीतरी त्या माणसाचा जन्मदाखला शोधून काढतो, त्याच्या नावाने अर्ज लिहितो, त्याचे छायाचित्र काढतो. तो सामना हरला तरी कागद त्याच्या खिशात राहतो. कागदाची ही किंमत आपल्याला कोणी शिकवावयास नको. आपली वडीलधारी मंडळी १९५० च्या सुमारास या देशात उतरली, तेव्हा कितीकांनी माबारातील तंबूंत व पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढले. आणि १९६२ ते १९६४ या काळात लग्नाच्या नोंदणीसाठी आपण कोण हे सिद्ध करण्याची पाळी आपल्या तरुण-तरुणींवर आली, तेही घराघरांत ठाऊक आहे. डोक्यावर छप्पर असूनही परके ठरणे म्हणजे काय, ते आपण जाणतो.

येथे शब्दांचाही थोडा विचार करावासा वाटतो. मराठीत आपण ‘बेघर’ म्हणतो, म्हणजे त्याच्यापाशी काय नाही ते सांगतो. हिब्रूत ‘दारे रेहोव’ म्हणतात, रस्त्याचे रहिवासी. म्हणजे तो कोठे आहे ते सांगतात. दोन्ही शब्दांनी बाकावर झोपलेला, दाढी वाढलेला एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. स्पर्धेच्या नियमांत मात्र बरेच जण बसतात: गेल्या वर्षभरात केव्हातरी बेघर झालेला, रस्त्यावरील वृत्तपत्र विकून पोट भरणारा, आश्रय मागून निर्णयाची वाट पाहणारा, बेघरपण भोगून आता व्यसनातून सुटण्यासाठी उपचार घेणारा. वय सोळाच्या वर असावे, इतकेच. ही व्याख्या वाचली म्हणजे ‘आपल्या समाजात बेघर कोणी नाही’ हे आपले आवडते वाक्य जरा अडखळते. घरातून बाहेर पडलेला आणि मावशीच्या गॅलरीत तीन महिने, मग मित्राच्या सोफ्यावर दोन महिने काढणारा मुलगा आपल्या अश्दोद, लोद, दिमोनात नाही काय? तो रस्त्यावर दिसत नाही, कारण आपली नाती अजून शाबूत आहेत, ही परमेश्वराची कृपा. परंतु तो सिनेगॉगमध्येही दिसेनासा होतो आणि त्याचे नाव निघाले की बायका आवाज खाली आणतात, हेही तितकेच खरे.

पैशाविषयी न बोलता ही चर्चा पुरी होणार नाही. २०१९ साली वेल्समधील कार्डिफ येथे ही स्पर्धा भरावयाची होती व ऐन वेळी तिचा निधी आटला. तेव्हा मायकेल शीन या नटाने आपली स्वतःची घरे विकून ती पार पाडली. बेघरांच्या स्पर्धेसाठी एका माणसाने घरे विकावी, हे ऐकून हात आपोआप जोडले जातात. पण थोडा वेळ गेल्यावर माझ्या मनात आले की, हे काही बरे लक्षण नव्हे. शहरे आणि सरकारे मोठ्या चषकांसाठी नवी क्रीडागारे उभारतात आणि या चषकाला एखाद्या नटाच्या औदार्याची वाट पाहावी लागते. जे काम एकाच्या त्यागावर उभे आहे, ते तो थकला की बसते. शंभर माणसांनी थोडे थोडे देणे हे कमी दिपविणारे असेल, पण टिकणारे आहे.

स्पर्धेवर माझाही एक आक्षेप आहे, तो सांगून टाकते. आठ दिवस हजारो लोक टाळ्या वाजवितात, राष्ट्रगीत वाजते, छातीवर देशाचे नाव असते; आणि नवव्या दिवशी तो माणूस विमानतळावरून कोठे जातो? ज्या देशांत वर्षभर काम करणारी संस्था भक्कम आहे तेथे त्याला हात देणारे कोणी असते. जेथे संस्था म्हणजे दोन हौशी माणसे, तेथे या टाळ्या क्रूर ठरू शकतात. संघ पाठविणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा की, परतल्यानंतरच्या सोमवारी तुम्ही याच्यासाठी काय ठरविले आहे? उत्तर नसेल, तर संघ एक वर्ष थांबवावा.

आपल्याला काही विश्वस्पर्धा भरवावयाची नाही. पण आपल्या मंडळाच्या वार्षिक क्रीडामेळाव्यात क्रिकेट, कॅरम आणि बायकांची संगीतखुर्ची यांच्या जोडीला चौघा-चौघांच्या फुटबॉलचे सामने ठेवावेत आणि त्यांत गावातील निवाऱ्याच्या व व्यसनमुक्ती केंद्राच्या संघांना बोलवावे, अशी माझी सूचना आहे. काही आयांनी मला आधीच विचारले आहे की, आमच्या मुलांच्या संगतीला हे लोक का आणता? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. संघाबरोबर त्यांचा सोशल वर्कर असावा, खेळ दिवसाउजेडी व्हावा, मैदानात दारू नसावी. एवढ्याने पुष्कळशी काळजी मिटते. दोन गोष्टींचा मात्र मी आग्रह धरीन. पाहुण्या खेळाडूंची छायाचित्रे काढू नयेत व या पत्रिकेत छापू नयेत; आपल्याला छायाचित्रांचा सोस फार. आणि जेवण एकाच पंगतीत व्हावे. त्यांना डबे बांधून देणे आणि आपण आत बसून जेवणे, हे मला मान्य नाही.

खर्च म्हणाल तर दोन चषक व एक सत्कार कमी केला की भागेल. बावीस बाय सोळाची जागा कोणत्याही शाळेच्या आवारात सहज निघते. फळ्या नसल्या तर बाकडी आडवी लावता येतात. कार्यकारी समितीच्या पुढील बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी कृपा करून बैठकीस यावे व तेथेच बोलावे. ज्यांच्या घरात एखादा मुलगा हल्ली दिसेनासा झाला आहे, त्यांनी मला शाळा सुटल्यावर केव्हाही भेटावे. नाव कोणाच्या कानी जाणार नाही. त्याला खेळता येते की नाही, हे मी विचारणार नाही.