पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभासदांना जाहीर आवाहन



सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. टँकरचा खर्च, पार्किंग, इमारतीचे रंगकाम हे विषय सभेत येतीलच. यंदा आणखी एक विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती: आपल्या इमारतीत रोज राबणाऱ्या माणसांशी आपण कसे वागतो?

कितीतरी इमारतींत लिफ्टजवळ पाटी असते: 'कामवाल्या बायका व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये.' ती पाटी काढून टाका. चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या मावशी सात मजले जिना चढतात आणि वर येऊन आपल्या घरच्या पोळ्या लाटतात. त्यांच्या हातची पोळी चालते, मग लिफ्टमध्ये त्या शेजारी उभ्या राहिल्या तर काय बिघडते? गर्दी होते, लिफ्ट बिघडते, ही कारणे मला पटत नाहीत. गर्दीच टाळायची असती, तर पाटीवर वेळ लिहिली असती, माणसे नव्हे.

याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. हौद त्यांचा स्वतःचा होता. आपली लिफ्ट तर सामाईक आहे!

दिवाळीला बोनस देणे, सणाला साडी देणे, आजारपणात उचल देणे हे आपल्यापैकी अनेकजण मनापासून करतात. ते चांगलेच आहे, पण ते आपल्या मर्जीवर असते. पाणी, लिफ्ट आणि स्वच्छतागृह कुणाच्या मर्जीवर असू नये.

स्वच्छतागृहाचे तर विशेष सांगायचे आहे. पार्किंगमध्ये ते बांधलेले असते, पण कुलूप लावलेले, आणि किल्ली कमिटीकडे. मग कामाला येणाऱ्या बायका पाणीच कमी पितात, तासन्‌तास कळ काढतात. याचा त्रास पुढे शरीराला होतो. कुलूप काढा. आतून कडी, दिवा आणि नळाला पाणी, इतके तरी असू द्या. गेटवर बारा तासांची पाळी करणाऱ्या रखवालदाराला बसायला खुर्ची आणि डोक्यावर पंखा हवाच.

आणि कचरा. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई तो हाताने वेगळा करतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. फुटलेली काच जाड कागदात बांधून वेगळी द्या. यासाठी ठरावाची गरज नाही, आजच सुरू करता येईल.

बाकी विषयांसाठी सचिवांना लेखी पत्र द्या. भाडेकरूंनी आपले म्हणणे घरमालकांमार्फत कळवावे. आणि ठरावाचा मसुदा लिहिण्याआधी मावशींना, रखवालदारांना, सफाई कामगारांना त्यांची अडचण विचारा. त्यांनी सांगितलेली अडचण मसुद्यात सर्वांत वर घ्या.

आपला,
एक सभासद