विश्लेषण : नव्या लॅपटॉपवरही व्हर्च्युअल मशीन का रखडते?

लॅपटॉप नवा, रॅम १६ जीबी, तरीही अँड्रॉइडचा एम्युलेटर सुरू होता होत नाही. दोष अनेकदा यंत्राचा नसतो. बायोसमध्ये इंटेलचे ‘व्हीटी-एक्स’ किंवा एएमडीचे ‘एसव्हीएम’ बंद असते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्यासाठीची सोय इंटेलने २००५ मध्ये, तर एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच दिली. ती चालू असेल तर आतल्या संगणकाच्या बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालतात. बंद असेल तर सॉफ्टवेअरला त्या स्वतः उलगडाव्या लागतात, किंवा मशीन सुरूच होत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ टॅबवर सीपीयू निवडला, की ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे काय ते दिसते.

दुसरी चूक हौसेची. चार कोअरपैकी चारही व्हर्च्युअल मशीनला दिले, की विंडोजच उपाशी राहते आणि दोन्ही अडखळतात.

खरा पेच डेटा सेंटरमध्ये आहे. हायपर-थ्रेडिंगमुळे एक कोअर दोन असल्यासारखा दिसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटेल प्रोसेसरमधील ‘एल१टीएफ’ त्रुटी उघड झाली. एकाच कोअरवर शेजारी चालणाऱ्या दुसऱ्याच्या मशीनमधील माहिती वाचली जाण्याचा धोका होता. हायपर-थ्रेडिंग बंद केले तर धोका घटतो, पण दिसणारे कोअर निम्मे होतात. याच जातीच्या पुढच्या त्रुटींनंतर गूगलने २०१९ मध्ये क्रोम ओएसवर हायपर-थ्रेडिंग बंद ठेवले. घरी स्वतःचीच मशीन चालवणाऱ्याला एवढी धास्ती नको. क्लाउडवर जागा घेणाऱ्याने मात्र विचारून घ्यावे : बिलातला एक ‘व्हीसीपीयू’ अनेकदा अख्खा कोअर नसतो, त्याचा एक थ्रेड असतो.