‘स्वभाव बदललाय’ म्हणून सोडून देऊ नका : एमएसच्या रुग्णांच्या घरच्यांना आवाहन

सासऱ्यांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर सगळे कावळा शिवायची वाट बघत उभे होते आणि मला हसू फुटलं. चांगलं खदाखदा. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी थांबेना. सासऱ्यांवर माझा जीव होता, मनात हसण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. ‘सुनेला सुटल्यासारखं झालं’ हे पुढे महिनाभर नातेवाइकांत फिरत होतं. मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. चालताना पाय ओढतो तो आजारामुळे, हे त्यांना पटायचं. हसूही त्याच आजाराचं असेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरणच कुरतडते. वायरीवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं. ते डोळ्यांच्या, पायांच्या वाटेवर सोललं जातं, तसं भावना ताब्यात ठेवणाऱ्या वाटांवरही. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच रुग्णांचं विनाकारण हसणं-रडणं आणि उदासी त्यांच्या नजरेला आली होती. दीडशे वर्षं उलटली, आणि आपल्याकडे अजून ‘नाटकं करते’!

माझ्या हसण्याला नाव मिळालं चौथ्या तपासणीत, तेही नवऱ्याने जाता जाता विषय काढला म्हणून. स्यूडोबल्बार अफेक्ट. रोज एक छोटी गोळी सुरू झाली आणि हसू आटोक्यात आलं. म्हणजे ते बाई ‘सुटल्याचं’ हसू नव्हतं, आणि नैराश्यही नव्हतं. असं विनाकारण हसू-रडू आणि नैराश्य यांत फरक आहे, आणि तो डॉक्टरच करू शकतात.

नैराश्य वेगळं. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना ते आयुष्यात कधी ना कधी गाठतं. पकडायला मात्र अवघड, कारण थकवा, झोप उडणं, विसरायला होणं हे एमएसमध्येही असतं. मग सगळं ‘आजारच तसा आहे, वाईट वाटणारच’ या एका वाक्यात बुडतं. वाटणारच, मान्य. पण आवडीच्या गोष्टींतलं मन दोन-दोन आठवडे उडालं असेल, तर त्यावर उपचार आहेत, गोळ्यांचे आणि समुपदेशनाचेही, आणि एमएसमध्येही त्यांचा गुण येतो.

आणि स्टिरॉइड! आजार उसळला की तीन ते पाच दिवस सलाईनमधून मोठा डोस देतात. माझ्या दुसऱ्या डोसनंतर रात्री दोन वाजता मी फडताळातले सगळे डबे काढून घासत बसले होते. घरचे खूश, काय तरतरी आली बघा! आठव्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले ते जेवायलाही उठेना. यातलं काहीही डॉक्टरांच्या कानावर गेलं नाही. अशी तरतरी कधी औषधाची असते, तर कधी बायपोलर आजाराची. एमएसमध्ये तोही इतरांपेक्षा जास्त आढळतो. तो लक्षात न येता नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली, तर प्रकरण उलटं पेटू शकतं. म्हणून उदासी सांगाल तशी तरतरीही सांगा.

घरच्यांनो, याच आठवड्यात तुमच्या माणसाला दोन प्रश्न विचारा. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास, निराश वाटतंय का? पूर्वी आवडायचं त्यात मन लागतं का? उत्तर काहीही येवो, भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा : झोप किती, रडू की चिडचिड, सलाईन कधी झालं, औषध कधी बदललं. पुढच्या भेटीत ते पान फाडून न्या आणि रुग्णासमोर बोला, त्याच्या पाठीमागे नको. मूड अचानक पालटला तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, फोन करा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर.

न्यूरॉलॉजिस्ट मंडळींनाही हात जोडून विनंती. गुडघ्यावर हातोडी मारून झाली की ‘मन कसं आहे?’ एवढं विचारा. अर्धं मिनिट लागतं. आम्ही आपणहून सांगत नाही, लाज वाटते.

एमएसमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ‘मी ओझं झालेय’, ‘सुटेन एकदाची’ असे शब्द कानावर आले तर वाद घालू नका, समजूतही घालत बसू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोवर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.