चाकोरीतली गाडी

मंडळी, आज जरा भांडायचंय. तेही खेळण्यावरून. हसू नका!

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेत अडकून पळणारी विजेची छोटी मोटार. १९५७ साली इंग्लंडात ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने ती बाजारात आली. आता आमच्या पेठेतल्या हॉलमध्येही नातवाच्या कृपेने ट्रॅक पसरलेला असतो. त्यावर तरुण आईबापांच्या दोन तक्रारी ऐकतो. पहिली : “गाडी अडखळते, संच परत पाठवा.” दुसरी : “चाकोरीतच तर फिरते, त्यात शिकायचं काय?”

अहो, खोक्यातून काढलेला ट्रॅक म्हणजे तयार ट्रॅक नव्हे! प्रत्येक जोडावर बोट फिरवून पाहावं लागतं. एक जोड वर राहिला की गाडी उडालीच. वीज येते खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांतून. त्यांवर पुण्याची धूळ बसल्यावर गाडी अडखळणार नाही तर काय? कोरड्या फडक्याने पुसा. पाणी नको, पट्ट्या गंजतात. गाडीखालच्या विणलेल्या तारा थोड्या पिंजारून पट्ट्यांना नीट टेकवा. मग सावकाश फेऱ्या मारा. मोटारीचे नवे ब्रश बसतात, टायर उरलेली धूळ उचलतात. थांबा, टायर पुसा, पुन्हा फेऱ्या. पकड अशी हळूहळू येते.

शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या तालमी आठवा. हौदातली माती खणून, तेल-ताक-हळद घालून मुरवल्याशिवाय पैलवान कुस्तीला उतरतो का? आणि ती माती खणतो कोण? पैलवानच ना!

आता दुसरी तक्रार. चाकोरी दिशा देते, वेग नाही देत. वळणावर हात सैल सोडला नाही की गाडी थेट सोफ्याखाली! बऱ्याच गाड्यांच्या पोटात चुंबक असतं, ते गाडीला पट्ट्यांशी धरून ठेवतं. माझं ऐकाल तर ते काढून टाका. मग ट्रॅक कसा घासलाय ते लगेच कळतं.

पण माझा खरा राग वेगळ्यावरच आहे. बाबा रात्री जागून सगळं जुळवतात आणि सकाळी मुलाच्या हातात नुसता कंट्रोलर देतात. वर्गात मी हेच पाहिलं. मास्तरांनी मांडून दिलेला प्रयोग पोरं आठवड्यात विसरत. स्वतः जुळवलेला, आधी फसलेला, वर्षभर सांगत. आयतं मिळालेलं बिघडलं की मूल रडतं. स्वतः घासलेलं बिघडलं की ते आधी खाली वाकून बघतं.

तेव्हा ठाणेकर आणि न्यूजर्सीकर मंडळींनो, रागावा हवं तर, पण फडकं पोराच्या हातात द्या. तुम्ही चहा प्या.