टिपाडाला झाकण हवं, तसं औषधही हवं

चिकुनगुन्यावर जनुक-शमनाचं औषध शोधणं म्हणजे श्रीमंती चोचले, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. टिपाडं रिकामी करा, आठवड्याला कोरडा दिवस पाळा, एवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. सल्ला खरा आहे. पण तो लातूरला देताना एप्रिल २०१६ आठवावा. तेव्हा या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळाची वाट पाहणारी बाई भरलेलं टिपाड ओतून देणार नाही, आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. लातूर-नांदेडकडे सोयाबीनची सुगी येते तीही याच डासांच्या दिवसांत. ताप उतरतो, पण सांधे दुखत राहतात, मूठ वळत नाही, विळा धरवत नाही, महिनोन्‌महिने मजुरी बुडते. या विषाणूवर नेमकं औषध आजही नाही.

दुसरा आक्षेप असा, की या उपचाराने माणसाची जनुकं बदलतात. हे साफ चूक आहे. चिकुनगुन्याची सारी संहिता आरएनएची, सुमारे १२ हजार अक्षरांची. तिच्यातल्या एकवीसेक अक्षरांशी जुळणारा तुकडा पेशीत पोचला, की पेशीचीच यंत्रणा विषाणूचा आरएनए कापते; हेच जनुक-शमन. आपल्या डीएनएला धक्काही लागत नाही. ही यंत्रणा उलगडणाऱ्या फायर आणि मेलो यांना २००६ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी देशात चिकुनगुन्याच्या संशयित रुग्णांची नोंद १३ लाखांवर गेली.

तिसरा आक्षेप, हे सारं उंदरांपाशीच अडलंय. अडलंय खरं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली विषाणूच्या दोन जनुकांवर नेम धरून उंदरांमधली त्याची वाढ रोखली. पुढचा पेच औषध योग्य पेशींत पोचवण्याचा. यकृतापुरता तो सुटला आणि २०१८ साली अमेरिकेत पॅटिसिरान या जनुक-शमनाच्या औषधाला मंजुरी मिळाली. सांध्यांची वाट अजून काढायची आहे, आणि विषाणू रूप पालटतो म्हणून एकाच वेळी अनेक जागी नेम धरावा लागेल. अवघड आहे म्हणून सोडून द्यायचं, तर पॅटिसिरानही आलं नसतं.

मराठवाड्याशेजारच्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. मग तीसेक वर्षं रोग दिसला नाही, आणि आपण निर्धास्त राहिलो. साथ ओसरली की गिऱ्हाईक संपतं, म्हणून बाजार या औषधामागे लागणार नाही. सरकारनेच पैसा घालावा. औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, की लातूर-नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं त्यांत असावीत. नियमित नळ, घट्ट झाकण आणि नेमकं औषध या तिन्ही गोष्टी मराठवाड्याने एकाच दमात मागाव्यात.