भोक पाडल्याने सूर येत नाही

आवाज कमी पडला की वाद्याला भोक पाडावे, अशी एक अजब समजूत आपल्याकडे मूळ धरू लागली आहे. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एका लहानशा चर्चमध्ये गायकवृंदाच्या जुन्या तंबोऱ्याच्या तबलीला दुरुस्तीच्या नावाखाली रुपयाएवढे भोक पाडले गेले. कारण विचारता उत्तर मिळाले, 'गिटारला असते, व्हायोलिनला असते, मग तंबोऱ्याला का नको?' प्रश्न बिनतोड वाटतो. पण तो अज्ञानातून आला आहे, आणि अज्ञानाने फिरवलेले गिरमिट मागे घेता येत नाही.

भोकातून आवाज 'बाहेर पडतो', हा भ्रम प्रथम दूर व्हावा. तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते आणि तबली व भोपळा मिळून ते श्रोत्यांपर्यंत पोहोचवतात. भोक असलेल्या वाद्यात आतली कोंडलेली हवाही कामी लागते. तिचा नियम जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. पोकळी तीच ठेवून भोक मोठे केले, तर त्या हवेचा सूर वर चढतो. म्हणजे ज्या खर्जासाठी खटाटोप, तोच क्षीण होण्याचा धोका! शिवाय सारे काही आकारमानावर नसते. २०१५ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की हवेची वर्दळ भोकाच्या मध्यापेक्षा कडेला अधिक असते; म्हणूनच व्हायोलिनची लांबट भोके तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल भोकापेक्षा प्रभावी ठरतात.

युरोपचा दाखला द्यायचाच, तर तो पुरता द्यावा. तंबोऱ्यासारखाच अखंड आधारसूर धरणारे हर्डी-गर्डी नावाचे वाद्य तिकडे आहे. त्यात हाताने फिरवायचे चाक तारांना घासते. स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील कॅथेड्रलच्या ज्या द्वारावर ११८८ सालाची नोंद आहे, तेथे प्रकटीकरणातील चोवीस वडिलांपैकी दोघे मिळून या वाद्याचा पूर्वज मांडीवर घेऊन बसले आहेत. या वाद्यात चाकासाठी फळीत फट ठेवावीच लागते. हवेला ती एक वाट असतेच. म्हणून आणखी भोक कोठे आणि केवढे, हे जाणता कारागीर चाक, घोडी आणि आतल्या आधारपट्ट्या पाहूनच ठरवतो. तेथेही भोक ही लहर नव्हे.

आपला तंबोरा तर निराळ्याच घडणीचा. मिरजेत फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांचे, शस्त्रे घासणारे हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन लाभले. या कारागिरांनी तबलीला सहसा मोठे भोक ठेवले नाही, ते काय विसरल्यामुळे? तंबोऱ्याचे तेज जवारीत आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार हलकेच घासते, सुताचा दोरा नेमक्या जागी बसतो आणि स्वरांची झालर उमलते. घोडीजवळची तबली कापणे म्हणजे जेथे कंपनाचे बळ, तेथेच घाव घालणे.

मग आवाज मंदावतो का? तारांनी घोडीवर चरे पडतात, जवारी उतरते, तबलीची कड सुटते, सांधे उकलतात. खामगाव-मलकापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. पत्र्याखाली उघडा ठेवलेला तंबोरा किती दिवस सुरात राहील? उपाय साधे आहेत : जवारी काढणे, तारा बदलणे, सांधे जुळवणे, वाद्य गवसणीत ठेवणे.

मिरज दूर आहे, खर्च परवडत नाही, असे म्हटले जाईल. ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती हलकी लेखत नाही. परंतु सणाच्या रोषणाईला आणि ध्वनिक्षेपकाला आपण वर्गणी काढतोच ना? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला मान दिला. तो मान कागदावर ठेवून वाद्याला मात्र गिरमिट लावायचे, ही विसंगती आपल्याला शोभत नाही.

म्हणून धर्मग्रामांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय कोणत्याही वाद्याला हत्यार लावू देऊ नये, आणि शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून वर्षातून एकदा अशा कारागिराला बोलवावे. झिजलेली जवारी पुन्हा काढता येते; कापलेली तबली पूर्ववत होत नाही.