विश्लेषण : जळालेला, पाडलेला ‘क्रूकेड हाऊस’ पब पुन्हा वाकडाच बांधावा लागणार?

टेबलावर ठेवलेली गोटी चढाच्या दिशेने घरंगळताना दिसते, या गमतीसाठी इंग्लंडमधील ‘क्रूकेड हाऊस’ हा पब प्रसिद्ध होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला आग लागली आणि ४८ तासांच्या आत उरलेले बांधकामही जमीनदोस्त झाले. त्यानंतर स्थानिक कौन्सिलने हा पब होता तसाच, म्हणजे वाकडाच, पुन्हा बांधण्याचा आदेश मालकांना दिला. पाडलेली जुनी वास्तू अशी परत मिळवता येते का?

पब वाकडा कसा झाला?

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, डडलीजवळच्या हिमली येथे १७६५ मध्ये शेतघर म्हणून ही इमारत बांधली गेली. हा भाग कोळसा आणि लोखंडाच्या उद्योगाचा. तिथल्या कोळशाच्या मुख्य थराची जाडी सुमारे ३० फूट होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून कोळसा काढला गेला, पोकळ्या राहिल्या आणि वरची जमीन खचली. इमारतीची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फुटांनी खाली गेली आणि ती जवळपास १५ अंशांत कलली.

याच सुमारास, १८३०च्या दशकात, तिथे पब सुरू झाला. स्थानिक बोलीत ‘सायडन’ म्हणजे वाकडा, म्हणून त्याला ‘सायडन हाऊस’ म्हणत. पुढे जमीनमालक ग्लिन घराण्याच्या नावावरून तो ‘ग्लिन आर्म्स’ झाला, पण लोकांच्या तोंडी राहिले ते ‘क्रूकेड हाऊस’.

गोटी मात्र प्रत्यक्षात उतारावरूनच जात असे. खिडक्या, चौकटी आणि भिंती सगळ्याच तिरप्या असल्याने डोळ्यांचा आडव्या रेषेचा अंदाज चुकायचा आणि उतार हाच चढ वाटायचा.

याआधी तो कसा वाचला होता?

१९४०च्या दशकात इमारत धोकादायक ठरवून पाडण्याचे ठरले होते. तेव्हा एका मद्यनिर्मिती कंपनीने ती विकत घेतली. आधारभिंती आणि लोखंडी तुळया देऊन इमारत आहे त्याच कलात पक्की केली. ती सरळ करण्याचा प्रयत्न केला नाही, कारण गिऱ्हाईक त्या वाकडेपणासाठीच येत होते. तोटा वाटणारी गोष्टच धंद्याचे भांडवल ठरली आणि इमारत आणखी काही दशके टिकली.

ऑगस्ट २०२३ मध्ये काय घडले?

जुलै २०२३ मध्ये मार्स्टन्स कंपनीने पब एका खासगी कंपनीला विकला. ५ ऑगस्टच्या रात्री आग लागली. पबकडे जाणाऱ्या रस्त्यावर मातीचे ढिगारे असल्याने अग्निशमन दलाला अडथळा आला. ७ ऑगस्टला उरलेली इमारत पाडण्यात आली. सुरक्षिततेसाठी वरच्या मजल्याचा काही भाग काढण्यापुरतीच संमती दिली होती, संपूर्ण पाडकामाला नाही, अशी भूमिका साउथ स्टॅफर्डशायर कौन्सिलने घेतली. आग मुद्दाम लावल्याच्या संशयावरून पोलिसांनी तपास सुरू केला. लोकांनी ढिगाऱ्यापाशी गर्दी केली. विटा जपून ठेवा, अशी मागणी झाली.

वारसा दर्जा का नव्हता?

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय वारसा यादीतील इमारत विनापरवाना पाडणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. ‘क्रूकेड हाऊस’ स्थानिक वारसा नोंदींत होते, पण राष्ट्रीय यादीत नव्हते. ते यादीत घ्यावे, असा अर्ज ‘हिस्टॉरिक इंग्लंड’कडे आगीच्या काही दिवस आधीच पोहोचला होता. त्याची छाननी होण्याआधीच इमारत गेली.

यादीबाहेरचा पब पाडण्यासाठीही २०१७पासून नियोजन परवानगी लागते. मात्र तिचा भंग झाल्यास थेट फौजदारी कारवाई होत नाही. आधी कौन्सिल नोटीस काढते आणि ती न पाळणे हा गुन्हा ठरतो.

पुन्हा बांधण्याचा आदेश प्रत्यक्षात येतो का?

येतो, याचे उदाहरण लंडनमध्येच आहे. १९२०-२१ मध्ये बांधलेले ‘कार्लटन टॅव्हर्न’ एप्रिल २०१५ मध्ये विनापरवाना पाडले गेले. त्या जागी सदनिका बांधण्याचा प्रस्ताव आधीच फेटाळला गेला होता आणि पबला वारसा दर्जा देण्याची प्रक्रिया सुरू होती. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा बांधण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये चौकशीनंतर तो कायम झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला.

हे शक्य झाले, कारण वारसा दर्जासाठीच्या पाहणीत इमारतीची छायाचित्रे आणि काही भागांचे साचे आधीच घेतलेले होते. मूळ कसे होते, यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

‘क्रूकेड हाऊस’बाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये नोटीस निघाली आणि तीन वर्षांची मुदत देण्यात आली. मालकांनी तिच्याविरुद्ध अपील केले. अपिलाचा निकाल लागेपर्यंत अशी नोटीस लागू होत नाही.

वाकडी इमारत नव्याने कशी बांधणार?

तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही. पाया भक्कम आणि सपाट ठेवून भिंतींना हवा तेवढा कल देता येतो. त्यासाठी आतून पोलादी सांगाडा, अचूक मोजमापे आणि जुन्या विटा लागतील. पण जुना कल जमिनीने दिला होता, नवा कल आराखड्यात काढावा लागेल. गोटी पुन्हा ‘चढावर’ जाईल, पण ती वास्तू १७६५ची नसेल.

मग या आदेशाचा उपयोग काय?

‘आधी पाडा, मग दंड भरा’ हा हिशेब तो बिघडवतो. मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरे काही उभारून दंडापेक्षा जास्त कमावता येत असेल, तर दंडाची भीती राहत नाही. तोच पब स्वखर्चाने पुन्हा बांधावा लागणार असेल, तर पाडण्यात फायदाच उरत नाही. मात्र त्यासाठी इमारत उभी असतानाच तिची मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावी लागतात. वारसा दर्जाच्या अर्जाला आठवडे लागतात. जेसीबीला एक दिवस पुरतो.